लोकसंगीतशास्त्रातील ‘लोक’ कोण?

१

मराठीतील संगीतविषयक लेखन बहुतांशी तीन वाटांनी चालत आले आहे. गवयांच्या आठवणी, घराण्यांच्या वंशावळी आणि रागांची चर्चा. या तिन्ही वाटा मैफलीच्या दिवाणखान्यातून निघतात आणि फिरून तेथेच येतात. जात्यावरची ओवी, पोतराजाचे गाणे, आराध्यांचा मेळा, वरातीपुढची हलगी यांना या लेखनात जागा मिळालीच तर ती प्रस्तावनेतल्या एखाद्या परिच्छेदात, ‘मातीचा सुगंध’ म्हणून. सुगंध घ्यायचा, पण माती अंगाला लागू द्यायची नाही, असा हा व्यवहार आहे.

डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांचे कार्य या व्यवहाराला ठळक अपवाद आहे, आणि म्हणूनच ते आपल्या बाजूने तपासले जाणे आवश्यक आहे. ज्यांनी आपल्या संगीताकडे पाहिलेच नाही त्यांच्याशी वाद घालण्यात फारसा अर्थ नसतो. ज्याने पाहिले, त्याने काय पाहिले आणि त्याच्या पद्धतीतून काय निसटू शकते, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. रानडे यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात त्यांच्या विद्वत्तेचा गौरव भरपूर आहे, आणि तो यथायोग्य आहे. परंतु दलित-बहुजन विद्यार्थ्याने त्यांच्या ग्रंथांतून नेमके काय घ्यावे आणि कोठे थांबून पुढचा प्रश्न विचारावा, याची चर्चा फारशी झालेली नाही. ती व्हावी एवढ्यासाठी हा लेख.

त्यांच्या कारकिर्दीची रूपरेषा थोडक्यात अशी. गाण्याची तालीम त्यांनी गजाननराव जोशी यांच्यासारख्या गुरूंकडे घेतली. आवाजसाधनाशास्त्राचे धडे प्रा. बी. आर. देवधरांकडे गिरवले. त्याबरोबर साहित्याचा आणि कायद्याचाही अभ्यास केला. १९६८ ते १९८३ या काळात ते मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने १९८२ साली एथ्नोम्युझिकॉलॉजीसाठी, म्हणजे समाज आणि संस्कृतीच्या संदर्भात संगीताचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रासाठी, एक ध्वनिसंग्रह व संशोधन केंद्र उभे केले. तेथे १९८३–८४ मध्ये ते सहयोगी संचालक होते. त्यानंतर सुमारे दहा वर्षे मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये त्यांनी संशोधन केले. ‘संगीताचे सौंदर्यशास्त्र’ (१९७१), ‘लोकसंगीतशास्त्र’ (१९७५), महाराष्ट्राच्या रंगभूमीवरील संगीताचा इंग्रजी ग्रंथ (१९८६), हिंदी चित्रपटगीतावरचे पुस्तक (२००६) अशी त्यांची ग्रंथसंपदा आहे. गाणारा, शिकवणारा, लिहिणारा आणि रंगमंचावर प्रयोग करून दाखवणारा असा अभ्यासक एका माणसात क्वचितच आढळतो.

२

ज्या शास्त्राचे ते मराठीतील अग्रणी होते, त्या शास्त्राचा जन्म कोठे झाला हे आधी पाहणे उपयोगी ठरेल. एथ्नोम्युझिकॉलॉजी हे नाव रूढ झाले ते डच अभ्यासक याप कुन्स्ट यांच्या १९५० सालच्या एका पुस्तिकेमुळे. कुन्स्ट यांची सारी घडण जावा बेटावर झाली. कायद्याचे पदवीधर आणि व्हायोलिनवादक असलेले हे गृहस्थ १९१९ साली एका छोट्या संगीतसंचाबरोबर डच अमलाखालच्या इंडोनेशियात गेले आणि तेथील गामेलान, म्हणजे काशाच्या घंटा-थाळ्यांचा वाद्यसमूह, ऐकून तेथेच राहिले. १९३४ साली ते मायदेशी परतले तेव्हा जावाच्या संगीतावरील त्यांचा मोठा ग्रंथ तयार होता. मेणाच्या नळकांड्यांवर त्यांनी ध्वनिमुद्रणे केली, सुरांची अंतरे मोजली, वाद्ये जमवली. हे काम अपार कष्टाचे होते यात शंका नाही. पण ज्या राजवटीत ते झाले ती राजवट जावाच्या शेतकऱ्याकडून सक्तीने मळे पिकवून घेत आलेली होती, हेही विसरता येत नाही. मोजणारा राज्यकर्त्यांच्या जातीचा आणि वाजवणारा रयतेचा, ही या शास्त्राची जन्मकुंडली आहे.

कुन्स्ट यांचे अमेरिकन शिष्य मॅन्टल हूड यांनी या शास्त्राला एक महत्त्वाचे वळण दिले. १९६० साली त्यांनी असा आग्रह धरला की, परक्या संगीतावर लिहिणाऱ्याने ते संगीत स्वतः वाजवायला शिकले पाहिजे. जसा माणूस दोन भाषा बोलतो तसा त्याने दोन संगीतांत वावरावे. लॉस एंजलिसच्या विद्यापीठात त्यांचे विद्यार्थी गामेलानसमोर मांडी घालून बसू लागले. गुरूच्या पायाशी बसणे हे ज्ञानाचे साधन ठरले.

रानडे यांना हा सगळा इतिहास ठाऊक होता. इतकेच नव्हे, तर ‘इंडॉलॉजी अँड एथ्नोम्युझिकॉलॉजी’ (१९९२) या ग्रंथात त्यांनी ब्रिटिश काळातील पाश्चात्त्य पंडितांनी भारतीय संगीत कसे पाहिले याचीच चिकित्सा केली आहे. पाहणारा कोण, पाहिला जाणारा कोण, आणि दोघांमधल्या सत्तासंबंधांचा ज्ञानावर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्यामुळे मराठी वाचकाच्या हाती आला. आपले म्हणणे एवढेच आहे की, हा प्रश्न साहेब आणि हिंदी माणूस यांच्यापाशी थांबू नये. दिवाणखाना आणि महारवाडा, शहरातील संशोधक आणि मांगवाड्यातील वाजंत्री यांच्यामध्येही असाच एक संबंध आहे. तेथे समुद्र आडवा येत नाही, म्हणून तो दिसत नाही इतकेच.

आणि हूड यांची कसोटी आपल्याकडे लावून पाहा. परदेशी विद्यार्थी जावाच्या वादकाकडे शिकायला बसतो. आपल्या संगीत महाविद्यालयांतील किती विद्यार्थी हलगीवाल्यापुढे शिष्य म्हणून बसले? शिकायचे म्हणजे वाद्याला हात लावायचा. हात लावायचा म्हणजे कातड्याला, आणि ज्याने ते सोलले, कमावले, ताणले त्याच्या हाताला. दोन संगीतांत वावरण्याची कल्पना अमेरिकेत अभ्यासक्रमाचा भाग होऊ शकते. आपल्याकडे ती आधी विटाळाचा प्रश्न होते.

३

रानडे यांचे सर्वांत मूलगामी योगदान म्हणजे त्यांनी केलेले संगीताचे सहा कोटींतील वर्गीकरण: आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम. वरवर पाहता ही केवळ कप्पेबंदी वाटेल. पण त्यामागची भूमिका नीट समजून घेतली पाहिजे.

भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली. ते काम मोठेच होते. परंतु रागाच्या चौकटीत जे बसत नाही, ते त्या मांडणीत येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे संगीताची विद्यालये निघाली, परीक्षा आल्या, पाठ्यपुस्तके आली, आणि ‘संगीत म्हणजे रागसंगीत’ हे समीकरण सुशिक्षित मनात पक्के बसले. बाकीचे सारे ‘सुगम’, ‘हलके’, ‘गावरान’. ही विशेषणे संगीताची आहेत असे भासवले जाते. प्रत्यक्षात ती माणसांची आहेत.

रानडे यांनी ही उतरंड सैद्धान्तिक पातळीवर मोडली. त्यांच्या मांडणीत रागसंगीत हे सहांपैकी एक आहे. त्याला त्यांनी ‘शास्त्रीय’ न म्हणता ‘कलासंगीत’ म्हटले. हा शब्दबदल किरकोळ नाही. एकालाच शास्त्रीय म्हटले की उरलेली पाच अशास्त्रीय ठरतात. ‘लोकसंगीतशास्त्र’ हे ग्रंथनाम तर या दृष्टीने एक घोषणाच होती. लोकसंगीतालाही शास्त्र आहे, त्याचे प्रयोजन, त्याची रचना, त्याचा आवाज आणि त्याची वाद्ये यांचे नियम आहेत, आणि ते नियम कलासंगीताच्या मापाने मोजायचे नाहीत, हे त्या नावातच आले. ओवीला आलापीच्या फूटपट्टीने नापास करता येणार नाही, हे मराठीत एवढ्या अधिकाराने सांगणारे फारसे कोणी नव्हते.

वर्णव्यवस्थेने पिळलेल्या समाजातून आलेल्या वाचकाला या मांडणीचे मोल चटकन कळेल. प्रत्येक कोटीला स्वतःचे निकष, कोणतीही कोटी दुसरीची पायरी नाही, ही समतेचीच भाषा आहे. ती संगीतापुरती आहे, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. संगीतांना समान दर्जा दिला म्हणजे संगीतकारांना तो मिळाला असे होत नाही. संविधानानंतरही गावातला पाणवठा निराळा राहू शकतो, हे आपण जाणतो.

येथून पुढे तीन उदाहरणे घेऊन हा मुद्दा तपासू: हलगी, लावणी आणि भीमगीत.

४

‘लोकसंगीत’ या शब्दातील ‘लोक’ म्हणजे कोण? शास्त्राच्या रूढ भाषेत लोक म्हणजे समूह. कर्ता अनामिक, परंपरा मौखिक, ऋतुचक्राशी आणि जन्म-विवाह-मृत्यूच्या विधींशी जोडलेली निर्मिती. हे वर्णन खोटे नाही. पण हलगी ‘लोक’ वाजवत नाहीत, हलगी मांग वाजवतो. पोळ्याला बैलांपुढे, वरातीत नवरदेवापुढे, जत्रेत पालखीपुढे ती वाजते, आणि ऐकणारा सगळा गाव असतो. वाजवणारा आणि ऐकणारा या दोघांना एकाच ‘लोक’ शब्दात गुंडाळले की त्यांच्यामधली भिंत नाहीशी होते. म्हणजे पुस्तकात नाहीशी होते. गावात ती उभीच असते.

या भिंतीचा संगीताच्या रूपावरही परिणाम झाला आहे. हलगीचा आवाज इतका टणक, इतका दूरवर जाणारा का? कातडे आगटीवर शेकून ताठ करायचे, एक जाड आणि एक बारीक टिपरी घेऊन कडाडून वाजवायचे, हे तंत्र उघड्यावर वाजवण्यासाठीच घडलेले आहे. उघड्यावरच का? कारण वाजवणाऱ्याला आत प्रवेश नव्हता. पालखीपुढे तो सर्वांत पुढे असतो आणि देवळाच्या दारापाशी थांबतो. त्याचा नाद गाभाऱ्यापर्यंत पोचतो, तो पोचत नाही. शाहिराच्या आणि तमासगिराच्या चढ्या, खुल्या आवाजालाही असाच काही इतिहास आहे. रानडे आवाजाचे मोठे अभ्यासक होते. वेगवेगळ्या गायनप्रकारांना वेगवेगळा आवाज का लागतो याचा विचार त्यांनी मराठीत रुजवला. त्याच विचाराची पुढची पायरी म्हणजे अस्पृश्यतेचे अंतर आवाजात कसे मुरले याचा शोध. ही पायरी आपल्यातल्याच कोणी चढायची आहे.

दुसरा प्रश्न ‘परंपरा’ या शब्दाचा. संशोधकाला परंपरा ही जपण्याची वस्तू वाटते. ती लोपली की त्याला हळहळ वाटते, आणि ही हळहळ प्रामाणिकही असते. पण परंपरा चालवणाऱ्याला ती ऐच्छिक होती का? माझे आजोबा पोळ्याला गावच्या मानाच्या बैलांपुढे हलगी वाजवीत. मोबदला म्हणून सुपातले धान्य वरून पदरात पडे. वडिलांनी चार इयत्ता शिकल्यावर वाजवायला नकार दिला. त्यानंतर दोन सुगी आमच्या घराला गावात कोणी कामाला बोलावले नाही. त्या काळात एखादा अभ्यासक ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन आमच्या गावी आला असता तर त्याने वहीत काय लिहिले असते? ‘येथील हलगीची परंपरा लुप्त झाली आहे.’ हे वाक्य खरे असते, आणि आमच्या घरात त्या दोन वर्षांत जे घडले त्यातले काहीच त्यात नसते.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर महाराष्ट्रातील हजारो वस्त्यांनी देवदेवकांची गाणी, आराध्यांचे मेळे, येसकरकीची कामे, मेलेली गुरे ओढणे हे सारे एकदम टाकले. १९५८ च्या कायद्याने महारवतनेही संपली. संगीताच्या इतिहासात या नकाराची नोंद कोठे आहे? जे वाजते त्याचीच मोजदाद करणाऱ्या शास्त्राला खाली ठेवलेले वाद्य ऐकू येत नाही. परंतु आपल्या दृष्टीने ते खाली ठेवणे ही गेल्या शतकातील महाराष्ट्राच्या संगीतातली सर्वांत मोठी घटना आहे.

याचा अर्थ हलगी वाईट, असा नाही. आज मोर्चात, कलापथकात, जयंतीच्या मिरवणुकीत तरुण पोरे तीच हलगी अभिमानाने वाजवतात. वाद्य तेच, ताल बहुधा तोच, पण आता ती सुपातल्या धान्यासाठी वाजत नाही. ध्वनिमुद्रण केले तर दोन्हींत फरक सापडणार नाही. फरक कळायला वाजवणाऱ्याला विचारावे लागेल.

कातड्याची गोष्ट केवळ हलगीपुरतीही नाही. तबला, पखवाज, मृदंग या कलासंगीताच्या मानाच्या वाद्यांनाही कातडेच लागते. गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या पुस्तकात मृदंग बनवणाऱ्या कारागिरांचा इतिहास सांगितला. त्यांतील अनेक जण दलित ख्रिस्ती. गायीचे, म्हशीचे, बकरीचे चामडे त्यांनी निवडावे, ताणावे, सुरात आणावे, आणि सभेत वाहवा वादकाची व्हावी, अशी ही वाटणी आहे. हे पुस्तक लिहिणारा कर्नाटक संगीतातला एक अग्रगण्य ब्राह्मण गायक आहे, ही बाब नमूद करण्याजोगी आहे. प्रश्न जन्माचा नसून पाहण्याच्या जागेचा असतो. महाराष्ट्रात पखवाजाला पान लावणाऱ्यांवर असे पुस्तक व्हायला हरकत नाही.

५

लावणीच्या बाबतीत रानडे यांनी एक वेगळे काम केले. ‘बैठकीची लावणी’ या कार्यक्रमाद्वारे त्यांनी लावणीचा एक विस्मृतीत चाललेला प्रकार शहरी प्रेक्षकांपुढे आणला. बसून, संथ लयीत, अदाकारीने गायची ही लावणी ठुमरीच्या शेजारी बसणारी आहे, तिला रागाचे आणि लयीचे सूक्ष्म भान आहे, हे त्यांनी गाऊन आणि गाववून दाखवले. लावणी म्हणजे केवळ शिट्ट्या आणि फेटे उडवणे असे समजणाऱ्या मध्यमवर्गाला हा धडा आवश्यक होता.

तरीही येथे एक प्रश्न शिल्लक राहतो. लावणीचे सांगीतिक सौंदर्य सिद्ध झाले, पण बैठकीत बसलेली ती बाई कोण होती? ही बैठक कोणाच्या वाड्यात होती आणि तिला तेथून उठून जाता येत होते का? शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी लावणीवरील आपल्या संशोधनात नेमके हेच विचारले. पेशवाईतील बटकी-कुणबिणींची पद्धत, कोल्हाटी, महार, मांग या जातींतील स्त्रियांच्या श्रमावर आणि लैंगिकतेवर उच्चवर्णीयांनी सांगितलेला हक्क, आणि लावणीतून रंगवलेली कामातुर स्त्री यांचे नाते त्यांनी उलगडले. त्या समाजशास्त्रज्ञ होत्या. रानडे यांनी लावणीचा सूर ऐकला, रेगे यांनी लावणीची जात वाचली. या दोन अभ्यासांची गाठ एका वर्गात, एका अभ्यासक्रमात पडत नाही, ही आपल्या विद्यापीठांची उणीव आहे. सुराशिवाय वाचलेली जात अर्धी राहते. जातीशिवाय ऐकलेल्या सुराचेही तेच.

नावाचा प्रश्नही येथेच येतो. पठ्ठे बापूरावांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. ते जन्माने कुलकर्णी. ज्या पवळेने त्यांच्या लावण्या उभ्या महाराष्ट्रात नेल्या ती महार समाजातली. शाहिराचे चरित्र उभे राहिले. गाणारी मात्र त्या चरित्रातले एक प्रकरण होऊन राहिली. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पदक मिळाले, तरी अखेरच्या काळात त्यांची आर्थिक ओढाताण संपली नाही, हे तर आपल्या डोळ्यांदेखत घडले. कलेचा गौरव आणि कलावंताचे पोट यांच्यात एवढे अंतर का पडते, हा सौंदर्यशास्त्राबाहेरचा प्रश्न आहे असे म्हणून अभ्यासकाला सुटता येणार नाही.

६

आता भीमगीत. रानडे यांच्या सहा कोटींची खरी परीक्षा येथे होते. भीमगीत कोणत्या कोटीत ठेवायचे?

लोकसंगीतात ठेवावे तर लोकसंगीताचा कर्ता अनामिक. भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव ठामपणे गुंफतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी ऐकताना ‘वामन’ हे नाव येईपर्यंत श्रोता थांबलेला असतो. संतांच्या नाममुद्रेची ही रीत आहे. पण ज्याच्या आजोबाला गावाने कधी पुऱ्या नावाने हाक मारली नाही, त्या माणसाने गाण्यात आपले नाव कोरणे याला आणखी एक अर्थ आहे. भक्तिसंगीतात ठेवावे तर ज्याने स्वतःला देव करू नका असे बजावले त्याच्यावरचे हे गाणे. सूर आर्त असतो, शब्द मात्र शिका आणि लढा असे सांगतात. जनसंगीतात ठेवावे तर चाली चित्रपटाच्या, कव्वालीच्या घेतलेल्या, कॅसेटवर आणि आता मोबाइलवर पसरलेल्या, हे खरे. पण बाजारासाठी ते जन्मले नाही. १४ एप्रिलला भडकल गेटजवळच्या पुतळ्याभोवती जे गाणे वाजते ते विकत घेतलेले असले तरी विकाऊ नाही. संगम म्हणावे तर सर्वांत जवळ जाते. पण संगम हा शब्द दोन नद्या शांतपणे मिळाल्यासारखा आहे. येथे तर मिळाले ते हिसकावून घेतलेले आहे.

जलशाचा इतिहास पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते. सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा उचलला. आंबेडकरी जलशाने तोच साचा घेऊन गणातले देवस्तवन आणि गवळणीतली चेष्टा बाजूला सारली, आणि त्या जागी बाबासाहेबांचा विचार, शिक्षणाचा आग्रह, गावकीच्या गुलामीवरचे प्रहार आणले. भीमराव कर्डकांचा जलसा वस्तीवस्तीत फिरला. पुढे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्यासारखा गायक विठ्ठलाची गाणीही गाई आणि भीमगीतेही, आणि दोन्हीकडचा श्रोता त्यांना आपले मानी. म्हणजे येथे एकच कंठ दोन-तीन कोटींत सहज फिरतो. कोटींच्या सीमा त्या कंठाला अडवत नाहीत, पण प्रस्थापितांच्या व्यासपीठांच्या सीमा अडवतात. राज्यातल्या शहरांत एवढे संगीत महोत्सव होतात, त्यांत भीमगीताला किती वेळा मानाने बोलावले गेले?

यावरून रानडे यांचे वर्गीकरण चुकीचे ठरते असे मला म्हणायचे नाही. कोणत्याही चांगल्या वर्गीकरणाप्रमाणे ते आपल्याला प्रश्न विचारायला शिकवते. परंतु संगीत कशासारखे वाजते आणि कोठे वाजते यांवर जी मांडणी उभी असते, तिला संगीत कोणाविरुद्ध वाजते हे सांगता येत नाही. भीमगीताचे लक्षण चालीत नाही. ते त्याच्या भूमिकेत आहे. आधीच्या प्रत्येक कोटीने ज्याला सेवक मानले त्याने त्या सगळ्या कोटींचा माल आपल्या कामाला लावला. त्यासाठी सातवी कोटी करायची की कोटी ठरवण्याचे निकषच बदलायचे, हा वाद आपल्या विद्यार्थ्यांनी घालावा. रानडे यांनी वादाची भाषा तयार करून ठेवली आहे.

७

तक्रार करून थांबणे सोपे असते. म्हणून शेवटी एका वेगळ्या प्रकारच्या कामाकडे लक्ष वेधतो. गी प्वातव्हँ (मृत्यू २००४) आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून पुण्याच्या आसपासच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरले. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बायका आणि एक लाखाहून अधिक ओव्या, एवढा हा संग्रह झाला. संगीताचे फ्रेंच अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्याची संगणकीय मांडणी आणि ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या ओव्या प्रसिद्ध करत आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या बाबासाहेबांवरच्या आणि बुद्धावरच्या ओव्या त्यात आहेत. आपल्या मराठवाड्यातल्या, निरक्षर ठरवल्या गेलेल्या बायकांनी दळता दळता रचलेला तो इतिहास आहे.

या संग्रहातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीसोबत ठेवलेली नोंद. गाणारीचे नाव, गाव, वस्ती, जात, वय, शिक्षण, व्यवसाय. ही रकाने आखण्याची बाब कोणाला कारकुनी वाटेल. पण ‘पारंपरिक’ हा एकच शब्द लिहून कवीची जागा भरणाऱ्या कॅसेट कंपन्या आणि चित्रपट यांच्याशी ताडून पाहा, म्हणजे तिचे महत्त्व कळेल. ‘पारंपरिक’ लिहिले की मानधन द्यावे लागत नाही. नाव लिहिले की देणे लागते. ओवी येथे ‘लोकां’ची राहत नाही, ती अमुक गावच्या अमुक बाईची होते. जात लिहिल्याने जात वाढते असा आक्षेप काही भाबडे लोक घेतात. ज्यांची जात लिहावी लागत नाही इतकी ती त्यांना सुखाची आहे, त्यांनी हा आक्षेप घेणे स्वाभाविक आहे.

रानडे यांची शास्त्रीय शिस्त आणि या संग्रहाची रकान्यांची शिस्त, दोन्ही आपल्याला हव्या आहेत. आपल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण मराठीत एम. ए. करतात, लोकसाहित्याची प्रश्नपत्रिका सोडवतात, आणि गाण्याच्या शास्त्राकडे ‘ते आपले क्षेत्र नाही’ म्हणून फिरकत नाहीत. सूर म्हणजे घराण्यातल्यांचा, असे आपणही मानून बसलो आहोत. ‘लोकसंगीतशास्त्र’ वाचावे. लय कशी मोजतात, आवाजाचे वर्णन कसे करतात, वाद्याची नोंद कशी ठेवतात हे शिकावे. मग आपल्या वस्तीतल्या जुन्या गायनपार्टीतल्या म्हाताऱ्याकडे, जलशात काम केलेल्या माणसाकडे, हलगी वाजवणाऱ्या आणि सोडून दिलेल्या घरांकडे जावे. आज ध्वनिमुद्रणाला पूर्वीसारखे जड यंत्र लागत नाही, खिशातला फोन पुरतो. ही माणसे झपाट्याने चालली आहेत.

नोंदवहीत नेहमीचे रकाने असावेत: नाव, गाव, जात, वाद्य, कोणाकडून शिकले. त्यांच्या शेजारी आपले रकाने आखावेत. वाजवताना कोठे उभे राहावे लागे? मोबदला काय आणि तो कोणत्या हाताने, कसा दिला जाई? वाद्य कोणी बनवले? गाणे कोणी रचले? या ध्वनिमुद्रणाचा पुढे कोणी पैसा केला तर त्यातला वाटा कोणाचा? आणि वाजवणे थांबवले असेल तर कोणत्या साली, कोणत्या कारणाने, आणि थांबवल्यानंतर गावाने काय केले?

हा शेवटचा रकाना महाराष्ट्रातल्या संगीतसंशोधनात सर्रास भरला जाऊ लागेल तेव्हा ‘लोक’ कोण, हे वेगळे विचारावे लागणार नाही.